मोहोर खरी, पण मजकूर?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद, तिच्याविरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत, खरी धरायची असते. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला आणि ओरोसला त्याचे मुख्यालय आले. तेव्हापासून या जिल्ह्यातली जमिनीची बहुतेक भांडणे कधी ना कधी या कलमापाशी येतात. २०१८ पासून सातबारा डिजिटल स्वाक्षरीसह मिळू लागला, त्यामुळे तलाठ्याच्या सही-शिक्क्यासाठी खेपा घालणे कमी झाले. पण त्या स्वाक्षरीने नेमके काय सिद्ध होते? कागद खरोखर महसूल खात्याकडून आला आहे आणि वाटेत कोणी त्यात फेरफार केलेला नाही, एवढेच. कोकणात सामाईक सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावे असणे नवलाचे नाही, आणि तिथला माणूस अनुभवाने जाणतो की स्वाक्षरी शंभर टक्के अस्सल असूनही कधीच वारलेल्या पणजोबांचे नाव कागदावर तसेच असू शकते, किंवा लग्न होऊन गेलेल्या आत्याचे नाव गळलेले असू शकते. बोलणारा कोण हे स्वाक्षरी सांगते, बोललेले खरे का हे सांगत नाही. कायद्यालाही हे कळते. म्हणून कलम १५० मध्ये फेरफार नोंदीची नोटीस, हितसंबंधितांना कळवणे, हरकतीला मुदत ही सगळी व्यवस्था आहे. १५७ ने दिलेला विश्वास १५० च्या आधाराने उभा आहे. हरकत घेण्याची सोय काढून टाकली तर ‘खरी मानावी’ या शब्दांना बळजबरीखेरीज अर्थ उरणार नाही.

आता हा सातबारा, त्याच्या फेरफार नोंदी, जिल्हा परिषदेची देयके, शाळांचे दाखले हे सगळे ज्यावर साठवलेले असते त्या डिस्ककडे वळू. हार्ड डिस्क असो वा एसएसडी, ती म्हणजे नुसती कपाटाची फळी नसते. तिच्या आत एक छोटा संगणक असतो. त्याला स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःची स्मृती असते आणि त्यावर चालणारा स्वतःचा प्रोग्रॅम असतो. या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात. कोणता मजकूर नेमक्या कोणत्या जागी लिहायचा, झिजलेली जागा कधी बाद करायची, वाचताना आलेली चूक कशी दुरुस्त करायची, पासवर्ड बरोबर आहे की नाही, हे सगळे तोच ठरवतो. बाहेरच्या संगणकाला डिस्कच्या आतले थेट काही दिसत नाही, फर्मवेअर जे सांगेल तेच दिसते. हे फर्मवेअर बदलायचे असेल तेव्हा कंपनी एक फाइल देते. ती डिस्कला पाठवायची, डिस्क ‘झाले’ म्हणते, आणि त्या क्षणापासून आपल्या सगळ्या कागदपत्रांचा रखवालदार बदललेला असतो. नवा रखवालदार कोण, त्याला काय शिकवून पाठवले आहे, हे आपण विचारत नाही. बहुतेक वेळा विचारता येत नाही, कारण फाइल वाचता येऊ नये अशाच रीतीने बंद केलेली असते. यातून जो प्रश्न उभा राहतो तो तंत्रज्ञांच्या टेबलावर सुटणारा नाही. जो शब्द आपल्याला उघडून पाहता येत नाही त्यावर विश्वास ठेवण्याचा आपल्याला अधिकार कधी असतो? भारतीय दर्शनांनी हाच प्रश्न शब्दप्रमाण या नावाने शेकडो वर्षे घोळवला आहे, आणि त्यांची उत्तरे इथे जशीच्या तशी लावून पाहण्याजोगी आहेत.

आधी अशी फाइल उघडणे म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, नाहीतर वाद हवेत राहील. फाइलमधले आकडे सरळ जसे आहेत तसे डोळ्यांपुढे आणणारी साधने असतात. सुरुवातीच्या भागात बहुधा डिस्कच्या मॉडेलचे नाव, आवृत्तीचा क्रमांक, तुकड्यांची लांबी अशी माहिती असते. पुढे प्रत्यक्ष आज्ञावली, मग तक्ते, आणि शेवटी बेरजेचा ताळा किंवा स्वाक्षरी. आज्ञावली कोणत्या प्रोसेसरसाठी आहे हे ओळखले की ती माणसाला वाचता येईल अशा रूपात मांडता येते. या कामाचे एक उत्तम साधन, घीड्रा, अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये फुकट खुले केले, ही गोष्ट पुढे आठवण्याजोगी आहे. फाइल एनक्रिप्ट केलेली असेल तर मात्र आकड्यांत काही क्रमच दिसत नाही, सगळा मजकूर सारखाच विस्कटलेला दिसतो. सॅमसंगच्या एसएसडीचे अपडेट बरीच वर्षे एका आयएसओ फाइलच्या रूपात मिळत असे. तिच्या आत एक छोटी लिनक्स, त्या लिनक्समध्ये एक प्रोग्रॅम आणि त्याच्या शेजारी कुलूपबंद फर्मवेअर. उघडू पाहणाऱ्यांना असे आढळले की या बाहेरच्या कुलपाची किल्ली शेजारच्या प्रोग्रॅमच्याच पोटात आहे. असायलाच हवी होती, कारण तो प्रोग्रॅम तुमच्याच संगणकावर बसून ते कुलूप काढणार होता. कुलूप कोणासाठी लावलेले असते याचा अंदाज यावरून येतो. जाणता चोर त्याला अडत नाही, सरळ मनाचा वाचक मात्र परत फिरतो.

न्याय दर्शनाच्या विचारवंतांचे, म्हणजे नैयायिकांचे, उत्तर प्रसिद्ध आहे. शब्द प्रमाण असतो तो आप्ताचा. आप्त कोण, याचा न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने केलेला खुलासा मला फार मोलाचा वाटतो. ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. पुढे तो असेही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे. कुळ, पद, प्रतिष्ठा यांचा त्यात संबंध नाही. आता फर्मवेअरवरची डिजिटल स्वाक्षरी घ्या. ती सांगते की फाइल अमुक कंपनीची आहे. कंपनीने वस्तू जाणली आहे का, आणि जाणले तसेच सांगायची तिची इच्छा आहे का, या दोन्ही प्रश्नांवर स्वाक्षरी गप्प आहे. म्हणजे वात्स्यायनाने ज्या गोष्टीला महत्त्व दिले नाही, नेमकी तीच स्वाक्षरी सिद्ध करते. बोलणाऱ्याचे कुळ! सीगेटच्या ७२००.११ मालिकेतल्या हार्ड डिस्क २००८ च्या अखेरीस अचानक बंद पडू लागल्या. आतला मजकूर शाबूत, पण डिस्क संगणकाला ओळखच देईना. दोष फर्मवेअरचा होता. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने दुरुस्तीची फाइल दिली आणि तिने ५०० जीबीच्या काही चांगल्या चालणाऱ्या डिस्क बंद पाडल्या. ती फाइल मागे घ्यावी लागली. फाइल अस्सल होती, कंपनी नामांकित होती, हेतूही चांगलाच असणार. कमी पडले ते ‘वस्तू जाणणे’, आणि ते कमी पडले आहे हे कंपनीबाहेरच्या कोणाला आधी दिसण्याची सोय नव्हती.

नैयायिकांकडे दुसरी कसोटी आहे, व्यवहारातल्या यशाची. पाणी दिसले, जवळ गेलो, तहान भागली, तर पाण्याचे ज्ञान खरे होते. ज्ञानाचे खरेपण ज्ञानाबाहेरून, कृतीच्या फळावरून कळते. सामान्य ग्राहकाची विचारसरणी हीच असते. डिस्क चालते आहे ना, मग फर्मवेअर बरे आहे. ही कसोटी बाद करता येणार नाही, जगातला बहुतेक व्यवहार तिच्यावर चालतो. पण तिची मर्यादा एचपीई या कंपनीच्या नोव्हेंबर २०१९ मधल्या सूचनेने जितकी उघडी पाडली तितकी कुठल्या प्राचीन दृष्टान्तानेही पाडली नसेल. कंपनीच्या सर्व्हरमध्ये लागणाऱ्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या बंद पडत, त्यावरचा मजकूरही परत मिळत नसे. ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. हा आकडा म्हणजे २ चा पंधरावा घात. १६ बिटांच्या चिन्हासह मोजणाऱ्या खणात ३२,७६७ च्या पुढची संख्या मावत नाही. मार्च २०२० मध्ये दुसऱ्या काही डिस्कबद्दल तसाच इशारा आला, त्यात मर्यादा ४०,००० तासांची होती. अशा यंत्रांत एक डिस्क गेली तरी बाकीच्यांनी मजकूर सांभाळावा म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडतात. पण त्या एकाच दिवशी घेतलेल्या आणि एकाच दिवशी सुरू केलेल्या असतात. म्हणजे त्यांचा घडाही एकदमच भरणार. व्यवहारातल्या यशाची कसोटी लावायची तर या डिस्क ३२,७६७ तास उत्तम गुणांनी पास होत होत्या. साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रत्येक दिवस ‘हे ज्ञान खरे आहे’ अशी ग्वाही देत होता, आणि ग्वाहीचे दिवस जसजसे वाढत होते तसतशी शेवटची घटका जवळ येत होती. जो दोष फाइलमध्ये एका ओळीत लिहिलेला असतो तो वागणुकीत कधीकधी अगदी शेवटच्या क्षणापर्यंत दिसतच नाही. तो दिसायचा तर वाचूनच.

मीमांसकांचे उत्तर वेगळे आहे, आणि मला ते अधिक प्रौढ वाटते. त्यांच्यातल्या कुमारिलभट्टाच्या मते ज्ञान हे मुळात प्रमाणच असते. त्याला खरे ठरवायला बाहेरून दुसरे ज्ञान आणावे लागत नाही. खोटे ठरवायला मात्र लागते. एकतर त्याला बाध आणणारे दुसरे ज्ञान यावे, नाहीतर त्याच्या कारणात दोष सापडावा. तोपर्यंत विश्वास हीच स्वाभाविक स्थिती. कलम १५७ ची भाषा आणि कुमारिलाची भाषा यांत किती थोडे अंतर आहे पाहा. फर्मवेअर बनवणाऱ्या कंपन्याही मनातून याच मताच्या असतात: दोष सापडलेला नाही, मग विश्वास ठेवा. इथेच थांबून विचारले पाहिजे की ‘दोष सापडला नाही’ याला पुरावा कधी म्हणायचे. कुमारिलाच्याच भाट्ट परंपरेने आणि वेदान्तानेही यावर बारकाईने विचार केला आहे. एखादी गोष्ट न दिसणे हे ती नसल्याचे प्रमाण होते, पण एका अटीवर. ती असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात, डोळे शाबूत असताना, जमिनीवर घट दिसला नाही तर घट नाही. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही, तर त्यावरून काहीच म्हणता येत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. माझे सगळे म्हणणे या एका अटीवर उभे आहे. स्वाभाविक विश्वास ठेवायला माझी हरकत नाही. पण तो विश्वास ‘अजून बाध आलेला नाही’ यावर टेकलेला असतो, आणि बाध येण्याची वाटच बुजवली तर ‘आलेला नाही’ या शब्दांत काही अर्थ उरत नाही. फाइल कुलूपबंद करून ‘तिच्यात कोणाला दोष आढळला नाही’ असे सांगणे म्हणजे दिवा विझवून ‘घट कुठे दिसतोय?’ असे विचारणे. म्हणून फाइल उघडू पाहणारा माणूस अविश्वासू नसतो. ज्या विश्वासाचा आपण सगळे फायदा घेतो त्याला आधार देण्याचे काम तो करत असतो.

मीमांसक वेदाला निर्दोष म्हणत त्याचेही एक खास कारण होते. वेद अपौरुषेय, त्याला कर्ताच नाही, म्हणून कर्त्याचे अज्ञान, लोभ, प्रमाद हे दोष त्यात शिरण्याचा प्रश्नच नाही. हे कारण पटो न पटो, युक्तिवाद म्हणून सुसंगत आहे. फर्मवेअरला तर ते लावताच येत नाही. ते माणसांनी, मुदतीच्या घाईत, जुन्या आवृत्तीवर ठिगळे लावत लिहिलेले असते. तरी अपडेटसोबतची टीप पाहिली तर तीत लेखक नसतो, दोषाचे नाव नसते, बदलाचे कारण नसते. ‘स्थिरतेत सुधारणा’ असे एक मोघम वचन असते. ही अपौरुषेयतेची नक्कल झाली.

उघडून पाहिल्यावर काय सापडते याचे सर्वांत बोलके उदाहरण नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाचे. कार्लो मेयर आणि बर्नार्ड फान गास्टेल या दोन संशोधकांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्रुशियलच्या एमएक्स१००, एमएक्स२००, एमएक्स३०० आणि सॅमसंगच्या ८४० इव्हो, ८५० इव्हो, टी३, टी५ या डिस्कचे फर्मवेअर त्यांनी तपासले. या डिस्क स्वतःच मजकूर एनक्रिप्ट करतात असा दावा होता, आणि तो अक्षरशः खोटाही नव्हता. पण काही मॉडेलांत वापरणाऱ्याचा पासवर्ड आणि मजकुराची किल्ली यांचा गणिती संबंधच जोडलेला नव्हता. पासवर्ड बरोबर आहे का, असा प्रश्न फर्मवेअर विचारत असे आणि उत्तर मिळाल्यावर शेजारीच ठेवलेली किल्ली वापरत असे. तो प्रश्न वगळला की झाले. एमएक्स३०० मध्ये तर कारखान्यातून येणारा मुख्य पासवर्ड रिकामा होता. विंडोजची बिटलॉकर ही सोय अशा डिस्कवर स्वतः एनक्रिप्शन न करता डिस्कच्या शब्दावर विसंबत असे, म्हणजे एका आप्ताने दुसऱ्या आप्ताची ग्वाही न तपासता पुढे पाठवली होती. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने नव्याने एनक्रिप्ट होणाऱ्या डिस्कसाठी हे धोरण बदलले. या डिस्क त्याआधी काही वर्षे बाजारात होत्या, जगभरच्या कार्यालयांत होत्या. त्या काळात ‘दोष आढळला नाही’ हे वाक्य खरे होते आणि तरी निरर्थक होते.

आक्षेप असा येईल की सर्वसामान्य माणसाला ही फाइल उघडून तरी काय कळणार? कुडाळच्या दुकानदाराने किंवा ओरोसच्या कारकुनाने फाइलमधले आकडे वाचत बसावे काय? तशी गरजच नाही. उजेड असला तर घट एकाने पाहिला तरी पुरतो. प्रश्न प्रत्येकाने वाचण्याचा नाही, ज्याला वाचता येते त्याला मनाई नसण्याचा आहे. आपल्या परंपरेने इथे एक गंभीर चूक केलेली आहे आणि ती झाकून पुढे जाणे बरे नव्हे. वैदिक विद्येचा अधिकार कोणाला, या चर्चेत ब्रह्मसूत्रावरील भाष्यात शंकराचार्यांनी शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला. इतिहास-पुराणांची वाट मोकळी ठेवली, म्हणजे मूळ फाइल बंद आणि माहितीपत्रक खुले. मग ज्यांना ऐकण्याचीही बंदी होती त्यांनी ग्रंथात दोष दाखवला नाही, ही गोष्ट ग्रंथाच्या निर्दोषपणाचा पुरावा कशी होऊ शकेल? योग्यानुपलब्धीची अट ज्यांनी इतक्या नेटकेपणे सांगितली त्याच परंपरेत ती स्वतःला लावून घेतली गेली नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सत्याग्रहात मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा या अधिकारभेदाला कोकणच्याच भूमीवरून जाहीर उत्तर मिळाले. अधिकाराची कल्पना मी पूर्ण टाकून देत नाही. फर्मवेअर लिहिण्याचा, ते डिस्कवर चढवण्याचा अधिकार मर्यादित असावा. चुकीची फाइल चढली किंवा मध्येच वीज गेली तर डिस्क दगड होते. पण लिहिण्याचा अधिकार आणि वाचण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याच्या काळजीने दुसरा हिरावून घेणे ही जुनीच युक्ती.

यातूनच सुरक्षिततेच्या आक्षेपाचेही उत्तर निघते. म्हणतात की फाइल उघडी ठेवली तर दुष्ट लोक तिच्यातले कच्चे दुवे शोधतील. स्वाक्षरी आणि एनक्रिप्शन यांची गल्लत झाल्याशिवाय हा आक्षेप घेता येत नाही. स्वाक्षरी बदल करणाऱ्याला अडवते, आणि ती हवीच. एनक्रिप्शन वाचणाऱ्याला अडवते. पहिली ठेवून दुसरे काढता येते. ऑगुस्त केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ मध्येच, लष्करी गुप्तलेखनाविषयी लिहिताना, असे तत्त्व मांडले की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. शिवाय अनुभव उलटाच आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये कॅस्परस्की कंपनीने ‘इक्वेशन ग्रुप’ नावाच्या गटाबद्दल अहवाल दिला. या गटाकडे डझनाहून अधिक कंपन्यांच्या हार्ड डिस्कचे फर्मवेअर बदलण्याचे साधन होते. सीगेट, वेस्टर्न डिजिटल, तोशिबा, सॅमसंग अशी सगळी परिचित नावे त्यात होती. डिस्क फॉरमॅट केली तरी ते आतले भूत जात नसे. त्या गटाने परवानगी मागितली नव्हती, परवान्याच्या अटी वाचल्या नव्हत्या. ज्याच्याकडे पैसा, माणसे आणि राज्यसत्तेचे बळ आहे त्याच्यासाठी फाइल उघडीच असते. (या गटाचा संबंध ज्या संस्थेशी असल्याचे सर्रास मानले जाते, तिनेच पुढे चार वर्षांनी घीड्रा फुकट वाटले. विधिलिखित विनोदी असते.) बंदी अडवते ती विद्यापीठातल्या संशोधकाला, डेटा परत मिळवून देणाऱ्या छोट्या दुकानाला, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला. म्हणजे दोष शोधणाऱ्यांपैकी जे सांगणार नाहीत तेवढेच शिल्लक राहतात.

मालकीचा आक्षेप मात्र थोडा खरा आहे. झीज वाटून देण्याची, चुका दुरुस्त करण्याची कृती हे कंपनीचे कष्टाचे धन आहे, ते स्पर्धकाने फुकट उचलावे असे कोणी म्हणणार नाही. भारतीय कायद्याने इथे समंजस मध्यमार्ग काढलेला आहे आणि तो फारच थोड्यांना ठाऊक असतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने असे आले की कायदेशीर रीतीने प्रोग्रॅम बाळगणाऱ्याने त्यामागच्या कल्पना आणि तत्त्वे समजून घेण्यासाठी त्याचे निरीक्षण, अभ्यास किंवा चाचणी केली, तर तो अटींच्या मर्यादेत कॉपीराइटचा भंग नाही. २०१२ मध्ये तांत्रिक कुलपे तोडण्याविरुद्ध कलम ६५अ आले, त्यातही गुन्हा ठरतो तो हक्कभंगाच्या हेतूने केलेल्या तोडण्याचा. एनक्रिप्शनवरचे संशोधन आणि मालकाच्या परवानगीने केलेली सुरक्षाचाचणी यांना वाट ठेवली आहे. नक्कल करणे आणि वाचणे यांतला भेद कायदा ओळखतो. कंपन्यांच्या परवान्यातली बारीक अक्षरे तो ओळखत नाहीत.

आणखी एक आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो, आणि या जिल्ह्यात तो टाळून चालणार नाही. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगातून ठरत नाही, देवीच्या कौलाने ठरते. आचऱ्याची गावपळण रामेश्वराच्या कौलाशिवाय होत नाही. सगळे गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहते. तेव्हा म्हणता येईल की न उघडणाऱ्या शब्दावर विसंबणे हे तर इथल्या माणसाच्या रक्तातच आहे, मग एका डिस्कचेच एवढे काय? पण कौलाची रीत नीट पाहावी. गाऱ्हाणे मोठ्याने घातले जाते, प्रश्न काय आहे तो जमलेल्या सगळ्यांना ऐकू जातो, ‘होय म्हाराजा’ म्हणत सगळे त्यात सामील होतात. देवाच्या अंगावर लावलेला प्रसाद सगळ्यांदेखत असतो, उजवा पडला की डावा हे प्रत्येकाला दिसते, आणि कौल स्पष्ट न झाल्यास पुन्हा विचारता येते. देवाच्या मनात काय आहे ते अर्थातच कोणाला दिसत नाही. पण माणसाच्या हातून जे जे व्हायचे ते उघड्यावर होते. श्रद्धा देवावर, आणि मानकऱ्यांवर नजर. मला हा विवेक फार सूक्ष्म वाटतो. गूढ जिथे खरोखर आहे तिथे ते मान्य करायचे, आणि जिथे फक्त माणसाची करणी आहे तिथे गूढ निर्माण होऊ द्यायचे नाही. फर्मवेअरमध्ये देव कुठेच नाही, सगळी मानकऱ्यांचीच करणी. आणि तीच नेमकी पडद्याआड.

उघडून पाहणे आणि विचारून पाहणे यांतला फरक अलीकडे देशापुढे वेगळ्याच प्रसंगी आला. २६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मतदान यंत्रांविषयीच्या निकालात यंत्रांवरचा विश्वास कायम ठेवला, सर्व व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, आणि त्याच निकालात दुसऱ्या वा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने मागणी केल्यास विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांच्या मायक्रोकंट्रोलरमधली स्मृती तपासण्याची सोय ठेवली. कणकवली, कुडाळ, सावंतवाडीपासून देशातल्या प्रत्येक क्षेत्राला लागू होणारी ही सोय. स्वाभाविक विश्वास आणि त्याला बाध आणण्याची वाट, दोन्ही एकाच निकालात. कुमारिलाला हे पटले असते. पुढे तपासणी म्हणजे मुख्यतः अभिरूप मतदान अशी कार्यपद्धती निघाली, आणि यंत्राला विचारणे म्हणजे त्याची स्मृती तपासणे नव्हे, असे म्हणत वाद पुन्हा न्यायालयात गेला. यंत्रे चांगली की वाईट हा माझा इथला विषय नाही. पण वाद ज्या मुद्द्यावर अडला तो मुद्दा खरा आहे, आणि ३२,७६८ तासांच्या डिस्कने तो आधीच शिकवून ठेवला होता.

सर्वांत अवघड आक्षेप मी शेवटी ठेवला, कारण त्याला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. समजा फाइल उघडली, प्रत्येक ओळ वाचली, निर्दोष आढळली. डिस्कवर तीच फाइल बसली कशावरून? हार्ड डिस्कला फर्मवेअर पाठवण्याची प्रमाणित आज्ञा आहे, पण बसलेले फर्मवेअर परत वाचून दाखवण्याची तशी प्रमाणित आज्ञा नाही. असली तरी उत्तर देणार तेच फर्मवेअर, म्हणजे आरोपीलाच साक्षीदार करायचे. केन थॉम्पसन यांचे १९८४ मध्ये छापून आलेले ट्युरिंग पुरस्काराचे भाषण याहून पुढे जाते. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर स्वच्छ असला तरी त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधनच दूषित असू शकते, आणि त्या साधनाचा मूळ मजकूरही स्वच्छ दिसू शकतो. मग तपासणाऱ्याला तपासायचे, त्यालाही तपासायचे, याला अंत नाही. नैयायिकांवर मीमांसकांनी नेमका हाच वार केला होता: प्रत्येक ज्ञानाला खरे ठरवायला दुसरे ज्ञान लागत असेल तर अनवस्था येते. पण मी प्रत्येक फाइल खरी ठरवून मगच वापरा असे म्हणतच नाही. तसे म्हटले तर ओरोसच्या एकाही कार्यालयाचे काम एक दिवस चालणार नाही. विश्वासाने सुरुवात करावी, हे मीमांसकांचे मला मान्य आहे. मागणे एवढेच की शंकेला सबळ कारण घडले तर पुढची पायरी चढायला मिळावी, आणि त्या पायरीवर कुलूप नसावे. अनवस्था ही तेव्हा भीतिदायक असते जेव्हा सगळ्या पायऱ्या आधीच चढायच्या असतात. हव्या तेव्हा हवी तेवढीच चढायची असेल तर ती नुसती उंच शिडी.

आरोपीलाच साक्षीदार करण्याचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. २०१३ मध्ये येरून डोमबुर्ग या डच अभियंत्याने वेस्टर्न डिजिटलच्या हार्ड डिस्कच्या पाटीवर तपासणीसाठीचे जोड शोधून, फर्मवेअरला न विचारता, आतला प्रोसेसर थेट वाचून दाखवला. त्यासाठी डाग देण्याचे कथील, तारा आणि चिकाटी लागली. असे जोड कारखान्यात यंत्र बनवताना लागतातच, नंतरच्या कित्येक डिस्कमध्ये ते बंद करून ठेवू लागले. सरकारी कार्यालय डिस्क विकत घेते तेव्हा निविदेत क्षमता, वेग आणि हमीची वर्षे लिहिलेली असतात. फर्मवेअरची फाइल वाचता येण्याजोगी असावी, प्रत्येक आवृत्तीत कोणता दोष दुरुस्त केला ते नावानिशी द्यावे, आणि बसलेले फर्मवेअर बाहेरून, त्याच्या मध्यस्थीशिवाय वाचता यावे, अशा तीन अटी त्या यादीत बसवायला आज कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. तिसरी अट पुरी करणारी डिस्क बाजारात सहजी मिळणार नाही. ती बनवण्यात तांत्रिक अडचण कोणतीच नाही; आजवर कोणा मोठ्या गिऱ्हाइकाने ती मागितल्याचे दिसत नाही, एवढेच.